पूर्णाकाठची इटालियन गाडी

इटलीच्या जुन्या दुचाकी म्हटल्या की शौकिनांच्या तोंडी मोटो गुझ्झी, डुकाटी, लावेर्दा ही नावे येतात. आपल्यापैकी बहुतेकांना त्या छायाचित्रांतूनच भेटल्या. राजूरच्या गणपतीहून भोकरदनकडे निघाले की वाटेत केदारखेडा लागते. अशा गावांत जी इटालियन गाडी खरोखर नांदली, तिच्या अंगावर नाव होते बजाज. दुधाच्या कॅनी लटकवून, सरकी-पेंडीचे पोते पायांपाशी घेऊन, पुढे एक लेकरू उभे आणि मागे एक मांडीवर, अशी ती पूर्णेच्या काठाकाठाने हिंडली. चेतक मुळात कुठल्या घराण्यातली, याची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती. बाजूचे फुगीर झाकण काढून आत पाहिले की मात्र ते घराणे ओळखू येते.

दुसऱ्या महायुद्धात पिआज्जो कंपनीचा पोंतेदेरा येथील विमान कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर मालक एनरिको पिआज्जो याने सामान्य माणसाला परवडेल अशी दुचाकी आखायचे काम कोराडिनो डास्कानियोकडे दिले. डास्कानियो विमानविद्येतला माणूस. १९३० साली त्याच्या हेलिकॉप्टरने विक्रम केले होते. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे: साखळीच्या तेलाने कपडे खराब होतात, पंक्चर झाले की चाक काढताना जीव मेटाकुटीला येतो, बसायचे तर पाय टाकून चढावे लागते. त्याने या तक्रारी एकेक करून निकालात काढल्या. साखळी ठेवलीच नाही, मागचे चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवले. इंजिन झाकणाआड गेले, गिअर डाव्या मुठीत आला, पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूच्या दांड्यावर उभे राहिले. हीच वेस्पा. २३ एप्रिल १९४६ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला. पहिली वेस्पा ९८ सीसीची होती.

भारतात ती आणली बजाजांनी. १९४५ साली स्थापन झालेली त्यांची कंपनी १९४८ पासून बाहेरून गाड्या मागवून विकत होती. १९५९ मध्ये सरकारी परवाना मिळाला आणि पिआज्जोच्या सहकार्याने वेस्पा इथेच बनू लागली. तो करार १९७१ मध्ये संपला. १९७२ पासून तोच साचा महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन रस्त्यावर आला, तीच चेतक. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली उभी राहिली आणि तिथून प्रिया निघू लागली. त्याच सुमारास गावोगाव पोचलेली लूनाही पिआज्जोच्या चाओ या मोपेडवरूनच घेतलेली होती. लॅम्ब्रेटाचे घराणे वेगळे, मिलानच्या इनोचेंतीचे. तिच्यावर लिहायचे तर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. मराठवाड्यासाठी मोठी घटना घडली १९८५ मध्ये, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला तेव्हा. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची गाडी आता आपल्याच भागात तयार होऊ लागली. हुंड्याच्या यादीतही ती बसली, हे लिहायला वाईट वाटते, पण ते खरे आहे.

इतकी वर्षे खेड्यात ही गाडी टिकली त्याचे श्रेय मी तिच्या मजबुतीला कमी देतो. ती उघडता येते, याला जास्त देतो. चार-सहा पाने, एक स्क्रू ड्रायव्हर, एक प्लग पाना आणि जरा जाड तारेचा तुकडा एवढ्यावर रस्त्याच्या कडेला तिची निम्मी दुखणी बरी होतात. चाक पंक्चर झाले तर मोटारीसारखे नट सोडायचे, मागे लावलेली स्टेपनी चढवायची आणि पुढे निघायचे. काळ्या मातीच्या चिखलात ज्याने मोटारसायकलचे मागचे चाक काढले आहे, त्याला या एका सोयीचे मोल कळेल.

इंजिन १४५ सीसीचे, टू-स्ट्रोक. बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५७. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ऑइल पंप नाही. पेट्रोल आत सोडण्याचे काम क्रँकच करतो: त्याची जाड तबकडी फिरताना क्रँककेसमधले भोक उघडते आणि झाकते. ही युक्ती येण्याआधीच्या वेस्पांना पेट्रोलमध्ये ५ टक्के ऑइल लागे. नंतर २ टक्क्यांवर भागू लागले, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. तेवढेच ऑइल पिस्टन, बेअरिंग आणि ती तबकडी, सगळ्यांना पुरते. म्हणून ऑइल अंदाजाने ओतणाऱ्याची गाडी लवकर म्हातारी होते. कमी पडले तर पिस्टन जाम, जास्त पडले तर प्लग काळा आणि सायलेन्सर कार्बनने गच्च. तो सायलेन्सर उतरवून, आगीत तापवून, ठोकून कार्बन झाडणारे मिस्त्री अजून आहेत. त्यानंतर गाडीला जो दम येतो, तो पाहण्यासारखा असतो.

पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारा स्विच, लावताना चांगला मिस्त्री एकदा जवळून पाहावा. मॅग्नेटवरचे झाकण निघाले की त्या जड चकतीत एक खिडकी दिसते. चकती हाताने सावकाश फिरवत तो खिडकी पॉइंटसमोर आणतो आणि त्यातूनच पाहतो की पॉइंट पुरता उघडला तेव्हा फट किती पडते. पुस्तकात ती साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. फट मोजायची पट्टी सगळ्यांकडे असते असे नाही, पण बोटांना सवय झालेली असते. पॉइंटची तोंडे काळवंडली असतील तर पॉलिश पेपरची बारीक पट्टी दोन बोटांच्या चिमटीत धरून एकदा-दोनदाच ओढायची. जास्त घासले तर तोंड सपाट राहत नाही. मग पेट्रोलच्या फडक्याने पुसून स्क्रू आवळायचा आणि आवळताना फट पुन्हा हलली का ते पाहायचे, कारण ती हमखास हलते. शेवटी प्लग इंजिनला टेकवून किक मारायची. ठिणगी निळी पडली की काम झाले, पिवळी पडली तर पुढचा संशय कंडेन्सरवर.

धुरावरून आणि आवाजावरून रोग ओळखणे ही या कामातली खरी विद्या. क्रँकच्या दोन्ही बाजूंना ऑइल सील असते. क्लचच्या बाजूचे सील गेले की गिअरबॉक्समधले ऑइल इंजिन ओढून घेते, मागे दाट धूर निघतो आणि गिअर ऑइल कमी होत जाते. त्या गिअरबॉक्सात ऑइल असतेच किती, तर पाव लिटर. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर उलट होते: आत फुकटची हवा शिरते, मिश्रण पातळ होते, एक्सिलेटर सोडला तरी रेस उतरत नाही. अशी गाडी तशीच पळवली तर पिस्टन धरतो. कच्चा मिस्त्री दोन्ही वेळा कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतो. पक्का मिस्त्री आधी गिअर ऑइल तपासतो, प्लगचा रंग पाहतो, मगच पान्याला हात लावतो. गिअर आपोआप सुटत असेल तर आधी वायर ताणून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर आतला चार टोकांचा गिअर बदलणारा तुकडा झिजलेला असतो, आणि त्यासाठी इंजिनचे दोन्ही भाग अलग करावे लागतात.

गाडी एका बाजूला कलती करून किक मारण्याची आपली जुनी पद्धत सगळ्यांना आठवत असेल. माझे मत असे की पेट्रोलचा नळ, पाइप, फ्लोट आणि जेट स्वच्छ असतील, चोकची वायर मोकळी असेल, तर तिची गरज पडत नाही. कलती करावी लागते तेव्हा गाडी काहीतरी सांगत असते.

अलीकडे एक नवे दुखणे आले आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा आधार आहे आणि त्यावर माझी तक्रार नाही. पण चेतक आखली गेली तेव्हा असे इंधन कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. इथेनॉल जुने रबर फुगवते किंवा कडक करते आणि हवेतले पाणी ओढून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसते, तिथे गंज धरतो आणि गंजाचे कण जेटमध्ये जाऊन अडकतात. इलाज अवघड नाही. पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरमधले रबर इथेनॉल सोसणारे घ्यावे, टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवू नये, आणि गाडी तापून दम सोडत असेल तर मिस्त्रीकडून मेन जेट एक नंबर मोठा लावून पाहावा.

या गाडीचे सगळेच चांगले होते असे म्हणणार नाही. टू-स्ट्रोक इंजिन थोडे पेट्रोल न जाळताच बाहेर टाकते आणि त्याचा धूर शहराला परवडणारा नव्हता. इंजिन उजव्या अंगाला असल्याने वजन त्या बाजूला झुकते, आणि लहान चाके खड्ड्यात दगा देतात. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणे बंद करण्याचा निर्णय जाहीर केला; तोवर गिअरची चेतक थांबलेलीच होती. २०१२ मध्ये पिआज्जो स्वतःच्या नावाने वेस्पा घेऊन बारामतीत आली, आणि २०१९ मध्ये बजाजने चेतकचे नाव विजेवरच्या स्कूटरला दिले. त्या दोन्ही गाड्या आपापल्या जागी चांगल्या असतील. पण बाजेवर जुने फडके अंथरून त्यांचे इंजिन कुणी मांडून बसणार नाही.

मला काळजी सुट्या भागांची कमी वाटते. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, वायरी अजून मिळतात, कारण हा साचा जगभर चालला आणि त्याचे भाग बनवणारे आहेत. जालन्यासारख्या ठिकाणी लेथवर बोअर करून मिळतो. काळजी आहे ती हातांची. ज्यांनी या गाड्यांवर उमेदवारी केली ते मिस्त्री आता साठीकडे झुकले आहेत, आणि त्यांच्या गॅरेजमधली मुले फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या शिकत आहेत, जे त्यांच्या पोटासाठी योग्यच आहे. धुराचा वास घेऊन कुठले सील गेले ते सांगणे कुठल्या अभ्यासक्रमात नाही. 

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली आहे, मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. १९७२ ची पहिली चेतक ती पन्नाशी ओलांडून गेली आहे.

तुमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात अशी एखादी गाडी धूळ खात उभी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढे करा. प्लग काढा, भोकातून चमचाभर ऑइल सोडा, दोन दिवस तशीच राहू द्या, मग किक हाताने हळू दाबून पाहा. इंजिन फिरले तर ती गाडी वाचते. टाकीतले जुने पेट्रोल टाकून द्या, आरसी बुक शोधून ठेवा आणि गावातल्या जुन्या मिस्त्रीला घरी बोलवा. तो इंजिन उघडेल तेव्हा घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि पाने त्यांच्याच हातून द्यायला लावा.