वॉल्डन तळ्याची पाऊलवाट

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, काँकर्ड गावाजवळ वॉल्डन नावाचे तळे आहे. हेन्री डेव्हिड थोरो हा लेखक १८४५ च्या ४ जुलैला या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या दहा बाय पंधरा फुटांच्या कुटीत राहावयास आला आणि दोन वर्षे दोन महिने तेथे राहिला. त्या वास्तव्यावरील त्याचा ग्रंथ दुर्गा भागवत यांनी मराठीत आणला आहे.

तळ्याभोवतीची पाऊलवाट सुमारे पावणेतीन किलोमीटरची. चढउतार बेताचे असल्याने सावकाश चालणाऱ्यासही तास-सव्वा तासात फेरी पूर्ण करता येते. पूर्वेकडील वाळूच्या काठावरून निघून पाणी डाव्या हातास ठेवीत चालू लागले की ओक व पाइन वृक्षांच्या सावलीतून वाट उत्तरेकडील एका लहानशा खाचेपाशी येते. तेथून थोडे वर कुटीची जागा आहे. मूळ कुटी केव्हाच नाहीशी झाली. तिचा पाया १९४५ मध्ये उत्खननाने सापडला आणि आता दगडी खांबांनी ती जागा दाखविली आहे. शेजारी दगडांची रास दिसते. १८७२ पासून येणारे लोक तीत एकेक दगड टाकीत आले आहेत. पुढे पश्चिमेच्या टोकाशी लोहमार्ग अगदी जवळून जातो. तो थोरो येण्यापूर्वीच टाकला गेला होता, हे त्या ठिकाणास निर्जन अरण्य समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात याच तळ्यातील बर्फ व्यापारासाठी कापण्यात आला. त्या काळी बोस्टनहून जहाजाने निघालेला बर्फ मुंबई बंदरातही उतरत असे.

हे तळे हिमयुगाच्या अखेरीस, वाळू-गोट्यांत गाडला गेलेला हिमखंड वितळून तयार झालेल्या खळग्यात आहे. त्यास ओढा येऊन मिळत नाही आणि त्यातून ओढा निघतही नाही. पाणी येते ते पावसाचे व भूगर्भातील झिरप्याचे. थोरोने बर्फावरून दोर सोडून खोली मोजली, ती १०२ फूट भरली. पुढील मोजण्यांतही हा आकडा जवळजवळ तसाच आला.

काठ असा सैल वाळूचा असल्याने प्रश्न निर्माण होतो तो पावलांचाच. पाण्याकडे उतरण्यासाठी प्रत्येकाने आपापली आडवाट पाडली, की गवत-झुडपांची मुळे उघडी पडतात आणि पावसाबरोबर काठ तळ्यात उतरतो. म्हणून पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंस तारेचे कुंपण घालण्यात आले, पाण्याकडे उतरण्याच्या जागा ठरवून तेथे पायऱ्या बांधल्या आणि उघड्या पडलेल्या उतारांवर पुन्हा लागवड केली. कुंपण डोळ्यांना खुपते खरे. परंतु त्याच्या आडची झुडपे पाहिली म्हणजे ते का घातले हे कळते.

भोवतालची जमीन मालकांनी १९२२ मध्ये राज्यास दिली, ती तळ्याचे मूळ स्वरूप राखण्याच्या अटीवर. तरीही १९५७ मध्ये स्नानाचा किनारा रुंद करण्यासाठी जिल्हा प्रशासनाने झाडे तोडून काठ खणावयास सुरुवात केली. नागरिक न्यायालयात गेले आणि १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दानपत्रातील अट प्रशासनावर बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. पोहण्यास मात्र आजही मुभा आहे. उन्हाळ्यात पोहणाऱ्यांमुळे पाण्यात शेवाळास पोषक द्रव्ये मिसळतात, असे पाहणीत दिसून आले आहे. कुत्री आणण्यास मनाई आहे, आणि गर्दीच्या दिवशी वाहनतळ भरला की नवीन वाहनांना प्रवेश थांबविला जातो.