दादरच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास का रखडतो?

दादरमध्ये टेकूंवर तग धरलेल्या जुन्या इमारती आजही दिसतात. याचे मूळ भाड्यात आहे. 1947च्या कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर गोठवली आणि मालकांना दुरुस्ती परवडेनाशी झाली. मग 1969च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ आले. आज ते म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आहे.

पुनर्विकासासाठी मालक, भाडेकरू आणि विकासक या तिघांचे जुळावे लागते. 51 टक्के भाडेकरूंची संमती मिळाली तरी वारसांचे वाद, चिंचोळे भूखंड आणि संक्रमण शिबिरांची टंचाई यांत वर्षे जातात. विकासकाचा पैसा अडकला की घर सोडलेल्यांचे पर्यायी भाडेही थांबते.

म्हणून म्हाडा कायद्यात कलम 79-अ आले. धोकादायक इमारतीसाठी आधी मालकाला, नंतर भाडेकरूंच्या संस्थेला प्रस्ताव आणण्याची प्रत्येकी 6 महिन्यांची संधी. दोघांनीही काही केले नाही, तर म्हाडा जागा संपादित करू शकते.