एटना रोस्सो: राखेतली फिकी लाल वाइन

एटना रोस्सो ही सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावरील एटना या जागृत ज्वालामुखीच्या उतारांवर होणारी लाल वाइन. तिच्या बागा साधारण ४०० ते १००० मीटर उंचीवर आहेत. १९६८ मध्ये तिला मूळस्थानाची सरकारी मान्यता मिळाली. नियमाने किमान ८० टक्के द्राक्ष नेरेल्लो मास्कालेझे या स्थानिक जातीचे लागते. जोडीला बहुधा नेरेल्लो कापुच्चो असते.

नेरेल्लो मास्कालेझेचा रंग फिका, आंबटपणा स्वच्छ आणि तुरटपणा चांगलाच भक्कम. दक्षिणेकडच्या कडक उन्हात अशी नाजूक वाइन होते ती उंचीमुळे. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असल्याने घड सावकाश पिकतात. तोडणी अनेकदा ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत लांबते.

नाशिकच्या बागांखालीही ज्वालामुखीचाच काळा पाषाण आहे, पण तो कोट्यवधी वर्षांचा. एटनावर राख अजूनही पडते. तिथल्या भुसभुशीत, वाळूसारख्या मातीत फिलॉक्सेरा ही मुळांतला रस शोषणारी कीड सहज पसरत नाही. म्हणूनच कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या शंभरी ओलांडलेल्या वेली इथे आजही फळतात.

या वेली पाहण्यासारख्या असतात. मांडव नाही, तारा नाहीत. आखूड, पिळवटलेले खोड, त्यातून फुटलेले दोन-चार हात आणि आधाराला चेस्टनटच्या लाकडाची मेख. या पद्धतीला ‘अल्बेरेल्लो’, म्हणजे ‘लहान झाड’, म्हणतात. वेल चहूबाजूंनी मोकळी राहते, वारा खेळतो, ऊन सगळीकडून पोहोचते. छाटणारा प्रत्येक वेलीभोवती फिरून कोणती काडी ठेवायची, ते ठरवतो. दोन वेलींना एकच छाटणी चालत नाही.

अडचणही याच सौंदर्यात आहे. लाव्हाच्या दगडांच्या, चुन्याविना रचलेल्या ताली आणि त्यांवरच्या अरुंद पायऱ्या. तिथे ट्रॅक्टर वळत नाही. कुदळणी हाताने, फार तर खेचर लावून. ताल ढासळली तर दगड पुन्हा एकेक बसवावा लागतो, आणि ते जाणणारे हात कमी होत आहेत. पायांनी द्राक्षे तुडवण्याची दगडी ‘पाल्मेंतो’ घरे तर युरोपीय आरोग्यनियमांनी व्यवसायातून बाद झाली.

शिवाय डोंगर स्वस्थ नाही. ज्या मास्कालीवरून या द्राक्षाला नाव मिळाले, ते गाव १९२८ मध्ये लाव्हाखाली गेले आणि नव्या जागी वसवावे लागले. मार्च १९८१ मध्ये लाव्हा रांदात्सोजवळच्या बागा गिळत, रस्ता व रेल्वे तोडत आल्कांतारा नदीच्या खोऱ्यात उतरला. गोठलेल्या लाव्हाची पुन्हा माती व्हायला शतके लागतात. उत्तर उतारावरचा तो काळा पट्टा अजूनही दगडच आहे.