शेजारच्या देशात मोठी नोकरी

होस्टेलवर नोकरीचा विषय निघाला की दोनच रस्ते ऐकू येतात. एक पुणे-बेंगळुरूचा, दुसरा अमेरिका-जर्मनीचा. गोरखपूरहून सुनौलीची सरहद्द ओलांडून जाणारा तिसरा रस्ताही आहे, पण तो सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

मी आपल्याच कॉलेजचा, सिव्हिलचा. 22 वर्षं बोगद्यांची कामं केली, आधी सह्याद्रीत, नंतर हिमाचलमध्ये. मग साइट संपली आणि कंपनीकडे पुढचं काम नव्हतं. वय 46, मुलगी बारावीला, घराचे हप्ते चालू! तेव्हा नेपाळच्या जलविद्युत प्रकल्पांत सिनिअर पोस्ट शोधायला लागलो. सात महिने लागले. त्यात जे कळलं ते तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

आधी, नेपाळच का? तिथल्या नद्या थोड्या अंतरात खूप खाली उतरतात. नदी अडवायची, पाणी बोगद्यातून न्यायचं आणि खाली पॉवरहाऊसवर सोडायचं, असे बहुतेक प्रकल्प. म्हणजे प्रकल्प म्हटला की बोगदा आलाच. 456 मेगावॅटचा अप्पर तामाकोशी 2021 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून नेपाळ भारताच्या वीजबाजारात वीज विकू लागला. 900 मेगावॅटचा अरुण-3 तर भारताचीच सरकारी कंपनी बांधायला उतरली.

दुसरी सोय म्हणजे 1950 चा भारत-नेपाळ करार. त्यामुळे आपल्याला तिथे जायला, राहायला व्हिसा लागत नाही. विमानाने गेलात तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. इंजिनिअर म्हणून काम करायचं तर मात्र नेपाळ इंजिनिअरिंग परिषदेची नोंदणी बघावी लागते. परदेशी इंजिनिअरांसाठी तिथे वेगळा वर्ग आहे. तेव्हा डिग्री आणि सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट जपून ठेवा. हो, केटी लागलेल्यासुद्धा!

आता मुद्द्याचं. मी सुरुवातीला सगळ्यांसारखा जाहिराती बघत होतो. ज्युनिअर पोस्टच्या जाहिराती भरपूर, सिनिअरच्या जवळजवळ नाहीत. का? तर मोठी पोस्ट बऱ्याचदा टेंडरमध्येच भरली जाते. जागतिक बँक किंवा आशियाई विकास बँकेच्या पैशाचं काम असेल तर टेंडरमध्ये 'की पर्सोनेल'ची यादी असते: प्रोजेक्ट मॅनेजर, टनेल इंजिनिअर, भूगर्भतज्ज्ञ वगैरे. प्रत्येकाला किती वर्षांचा आणि कसल्या कामाचा अनुभव हवा ते छापलेलं असतं. ठेकेदाराला त्या जागांवर माणसांची नावं आणि माहिती द्यावी लागते. कन्सल्टंटच्या निविदेत तर तुमच्या बायोडेटाला मार्क मिळतात! पुढे माणूस बदलायचा झाला तर तितक्याच किंवा जास्त अनुभवाचा द्यावा लागतो.

हे समजल्यावर मी जाहिराती सोडल्या आणि टेंडरच्या नोटिसा वाचायला लागलो. कोणी भरलं, कोणाला मिळालं याची यादी वहीत करायची. मग त्या कंपनीला पत्र धाडायचं, की तुमच्या अमुक टेंडरमधल्या अमुक जागेच्या अटी मी अशा पुऱ्या करतो. उत्तरं यायला लागली ती तेव्हापासून.

यात एक धोका आहे. एका एजंटने माझा बायोडेटा आणि कोऱ्या फॉर्मवर सही मागितली. पगार, जागा, तारीख कशाचाच पत्ता नाही. काम मिळेपर्यंत माझं नाव वापरायचं आणि नंतर दुसराच माणूस बसवायचा, असा तो मामला वाटला. मी नाही म्हटलं. हातात दुसरं काही नसताना नाही म्हणणं सोपं नव्हतं, आणि घरी त्या रात्री फारसं कुणी बोललं नाही. पण सही आपली असते. माहिती खोटी निघाली तर नाव आपलं जातं.

इंटरव्ह्यूत सह्याद्रीचं कौतुक कोणी केलं नाही. आपला बेसाल्ट बहुधा टणक, आणि तिकडे कालीगंडकी-ए च्या बोगद्यात फिलाइट खडकाने दाबून आधार वाकवल्याचा अनुभव सगळ्यांना माहीत. त्यांचा प्रश्न एकच होता: खडक बिघडला तेव्हा सपोर्ट बदलायचा निर्णय कोणी घेतला? माझ्याकडे हिमाचलच्या साइट डायऱ्या होत्या. तारीख, चेनेज, क्यू व्हॅल्यू, किती रॉकबोल्ट, शॉटक्रीट किती जाड, खाली माझी सही. मग पुढची चर्चा पगारावर गेली.

पगाराचं ऐका. तिथेही 'रुपये'च म्हणतात, पण 1993 पासून 1 भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी रुपये. चार लाख ऐकून खूश व्हाल, ते आपले अडीच लाख! म्हणून कोणता रुपया ते पत्रात लिहून घ्या. तारखाही विक्रम संवतात असू शकतात, आपल्यापेक्षा 56-57 वर्षं पुढे, आणि आर्थिक वर्ष साधारण जुलैच्या मध्याला सुरू होतं. 365 दिवसांत 183 किंवा जास्त दिवस राहिलात तर तिथल्या करासाठी तुम्ही रहिवासी ठरता. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळायचा करार 2011 चा आहे, तो सी.ए.कडून समजून घ्या.

भाषेची भीती नको. लिपी देवनागरीच, त्यामुळे पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात. बोगद्याला 'सुरुङ' म्हणतात. साइटवर हिंदी चालते, पण नेपाळी बोलायचा प्रयत्न केलात की माणसं मोकळी होतात. दशैंच्या सुट्टीत साइट ओस पडते, त्याचा हिशोब शेड्यूलमध्ये आधीच धरा.

सध्या मी एका प्रकल्पावर टनेलचा डेप्युटी मॅनेजर आहे. मुलगी इंजिनिअरिंगला गेली, हप्ते चालू आहेत.

तुम्हाला हे वीस वर्षांनी लागेल, पण सुरुवात ट्रेनिंगपासून करा. साइटवर गेलात की रोज एक पान लिहा: आज काय बिघडलं, काय ठरवलं, कोणी ठरवलं. प्रत्येक नोकरी सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं पद नाही, कामाची जबाबदारीही लिहून घ्या. सोडून गेलेल्या कंपनीकडून दहा वर्षांनी दाखला मिळवणं म्हणजे काय असतं, ते तुमच्या सरांनाही विचारा!