बंदुकीच्या नळीत अडकलेली गोळी

बंदुकीचा किंवा रायफलीचा चाप ओढल्यानंतर गोळी तोंडाबाहेर न पडता नळीतच रुतून बसणे, या बिघाडास नळीत गोळी अडकणे असे म्हणतात. अशा अर्धवट बारास नेमबाजीच्या परिभाषेत ‘स्क्विब’ ही संज्ञा आहे. मराठीतील ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग तिच्या अर्थाच्या अगदी जवळचा आहे. अडकलेली गोळी जागच्या जागी असेपर्यंत फारशी धोकादायक नसते. मात्र ती तशीच असताना मागून दुसरा बार काढला गेल्यास नळी फुगते किंवा फुटते आणि नेमबाजासह शेजारी उभ्या असणाऱ्यांनाही गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे दुसरी गोळी न झाडणे हा या बाबतीतील पहिला नियम मानला जातो. गोळी काढण्याचे काम लष्करात व पोलीस दलात ‘आर्मरर’ करतो, तर खासगी शस्त्रांच्या बाबतीत ते परवानाधारक बंदूक-कारागिराकडे सोपविले जाते.

कारणे

काडतुसाचे पुंगळी, तिच्या बुडाशी असणारी टोपी, दारू आणि गोळी असे चार भाग असतात. टोपीवर आघात होताच ठिणगी पडते, दारू पेटते आणि तिच्या वायूंच्या दाबाने गोळी पुढे ढकलली जाते. दारू मुळीच नसली, कमी पडली किंवा ओलसर झाली, तर केवळ टोपीच्या जोरावर गोळी पुंगळीतून सुटते. परंतु नळीच्या आतील पेचदार खाचांमध्ये शिरून थांबते. रायफलीची गोळी नळीच्या छिद्रापेक्षा किंचित जाड असते. .३०३ रायफलीच्या नळीचा आतील व्यास सुमारे ७.७ मिलिमीटर, तर तिच्या गोळीचा व्यास सुमारे ७.९ मिलिमीटर असतो. खाचांमध्ये घट्ट बसून गोळीला फिरकी मिळावी, यासाठी ही योजना असते. हाच घट्टपणा फुसक्या बाराच्या वेळी गोळीला अडकवून ठेवतो.

जुनी काडतुसे, दमट जागी केलेली साठवण, काडतुसात झिरपलेले तेल, नळीतील गंज आणि चुकीच्या मापाचे काडतूस ही इतर कारणे होत. बारा बोअरच्या बंदुकीत वीस बोअरचे काडतूस चुकून घातल्यास ते घरातून पुढे घसरून नळीत अडकते आणि मागील घर रिकामे दिसते. त्यावर बारा बोअरचे काडतूस भरून बार काढल्यास नळी फुटते. ही गफलत टाळण्यासाठीच वीस बोअरची काडतुसे साधारणपणे पिवळ्या रंगाची बनविली जातात.

धोक्याचे स्वरूप

मोटारीच्या चाकातील हवेचा दाब साधारण २ बार असतो. .२२ रायफलीच्या काडतुसासाठी मान्य असलेली दाबाची कमाल मर्यादा सुमारे १,७०० बार, तर .३०३ काडतुसासाठी ती सुमारे ३,६०० बार आहे. गोळी पुढे सरकत जाते तसतशी वायूंना जागा मिळते आणि दाब उतरतो, हे गृहीत धरून नळीची जाडी ठरविलेली असते. वाटेत अडथळा असल्यास मागून वेगाने आलेली गोळी तेथे क्षणार्धात थबकते आणि त्या ठिकाणी नळीवर आतून प्रचंड ताण येतो. पोलाद टिकले तर नळीला कड्यासारखा फुगवटा येतो. न टिकल्यास नळी चिरते. अडथळा मागच्या घराजवळ असल्यास वायू बोल्टच्या बाजूने मागे, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळू शकतात.

लक्षणे

नेहमीपेक्षा दबका आवाज, खांद्याला जाणवणारा अत्यल्प धक्का, लक्ष्यावर छिद्र न उमटणे, बोल्ट उघडताच बाहेर येणारा धूर आणि पुंगळीत किंवा घरात आढळणारे न जळलेले दारूचे कण ही प्रमुख लक्षणे होत. स्वयंचलित व अर्धस्वयंचलित शस्त्रांत पुढील काडतूस आपोआप भरले न जाणे हेही लक्षण असते. जलद गोळीबारात ही चिन्हे निसटण्याचा संभव अधिक असतो.

घर रिकामे असणे आणि नळी मोकळी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बोल्ट उघडून पाहिल्यावर पुंगळी बाहेर पडते, घर रिकामे दिसते आणि शस्त्र निर्धोक असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात गोळी वीतभर पुढे अडकलेली असू शकते. अनेक अपघातांचे मूळ या समजुतीत असते.

काढण्याची पद्धत

चाप ओढूनही बार न झाल्यास किंवा आवाज संशयास्पद वाटल्यास नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेनेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे लागते. काही ठिकाणी हा अवधी १ मिनिट असतो. दारू उशिरा पेट घेऊन बार होण्याची शक्यता त्यामुळे टळते. त्यानंतर मॅगझीन काढून शस्त्र पूर्ण रिकामे केले जाते व बोल्ट वेगळा केला जातो. नळीची तपासणी मागील बाजूने प्रकाशात केली जाते. तोंडाच्या बाजूने डोळा लावून पाहणे निषिद्ध आहे. मागून पाहणे शक्य नसल्यास तोंडातून सळई अलगद आत सोडून ती कोठे थांबते याचे माप घेतात.

संपूर्ण जिवंत काडतूस घरात अडकले असल्यास त्यावर सळईने ठोकले जात नाही, कारण आघाताने ते उडू शकते. केवळ गोळीच अडकल्याची खात्री झाल्यावर कारागीर नळीत पातळ तेल सोडून ते मुरण्यास काही तास देतो. नंतर छिद्राच्या मापास जवळची, सपाट टोकाची पितळी सळई घालून हलक्या, सरळ ठोक्यांनी गोळी ढकलली जाते. गोळी घराजवळ असल्यास तिला तोंडाकडून मागे, आणि तोंडाजवळ असल्यास मागून पुढे सरकवितात.

सळईचे टोक अणकुचीदार असल्यास मऊ शिसे पसरून गोळी अधिकच घट्ट बसते. लाकडी काठी तिरपी चिरते आणि गोळीच्या कडेने पाचरीसारखी रुतते. पोलादी सळईने खाचांना ओरखडे पडतात. गोळीला भोक पाडणे किंवा नळी तापविणे यांमुळे नळी कायमची निकामी होते, तर दुसऱ्या बाराने अडकलेली गोळी ‘उडविण्याचा’ प्रयत्न जीवघेणा ठरतो.

गोळी निघाली तरी काम संपत नाही. नळीत काळसर कडे दिसते का, बाहेरून फुगवटा हाताला लागतो का आणि घट्ट चिंधी आतून ओढताना ती एखाद्या जागी सैल पडते का, हे पाहिले जाते. यांपैकी काहीही आढळल्यास ती नळी पुन्हा वापरली जात नाही. त्याच खोक्यातील उरलेली काडतुसेही बाजूला ठेवली जातात.

सातारा व सांगली परिसर

सातारा व सांगली जिल्ह्यांत सैनिकी परंपरा जुनी आहे. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता. त्यातून वेगळ्या झालेल्या भागास आरंभी दक्षिण सातारा व पुढे सांगली हे नाव मिळाले. साताऱ्याजवळील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते आणि तेथे पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचे स्मारक आहे. त्या काळातील ली-एनफिल्ड ही .३०३ रायफल पुढे ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने भारतभर परिचित झाली. तिच्या दस्त्यातील पोकळीत तेलाची बाटली आणि नळी साफ करण्याची दोरी ठेवलेली असे. या दोरीला तीन फासे असत: एक तारेच्या जाळीसाठी, दुसरा चिंधीसाठी, आणि तिसरा दोरी नळीत अडकल्यास ती उलट ओढून काढण्यासाठी. नळीत काही अडकण्याची शक्यता साधनाच्या रचनेतच विचारात घेतली होती, असे यावरून दिसते.

साताऱ्यातील सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी सुरू झाले; देशातील सैनिकी शाळांपैकी ही पहिली होय. राष्ट्रीय छात्र सेनेच्या प्रशिक्षणात विद्यार्थी .२२ रायफलीने नेमबाजी शिकतात. ‘खाली कर’ आणि ‘जाँच शस्त्र’ हे हुकूम त्यांना प्रथमपासून शिकविले जातात. मात्र आवाज दबका आल्यास छात्राने स्वतः काही न करता हात वर करून प्रशिक्षकास बोलाविणे आवश्यक असते.

ठासणीच्या बंदुका

पाटण, जावळी, शिराळा अशा डोंगराळ तालुक्यांत रानडुकरांपासून पिके राखणे हा शेतकऱ्यांपुढील नित्याचा प्रश्न आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. वन्यप्राणी मारण्यास मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार स्वतंत्र परवानगी लागते.

या बंदुकीत तोंडातून दारू ओतून वर गोळी किंवा छर्रे गजाने ठासले जातात. पावसाळ्यात दारू सर्दावली की बार होत नाही आणि ठासलेला माल आत राहतो. अशा वेळी गोळीमागे जिवंत दारू असल्यामुळे धोका रायफलीतील फुसक्या बाराहून मोठा असतो. बार झाला की नाही याविषयी संभ्रम राहून दारू दुसऱ्यांदा ठासली जाणे हा या प्रकारातील परिचित अपघात आहे. जुन्या काळी गजावर खुणेची रेघ असे. गज पूर्ण आत न गेल्यास बंदूक भरलेली समजली जाई. आतील माल काढण्यापूर्वी दारू पाण्याने पूर्ण भिजवून निकामी करतात आणि मगच गजाच्या टोकाला लावलेल्या मळसूत्राने गोळी ओढून काढतात.

कायदेशीर बाजू

शस्त्र अधिनियमातील कलम ३ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक असतो, तर कलम ५ नुसार व्यवसाय म्हणून शस्त्रांची दुरुस्ती व चाचणी करण्यासाठीही परवाना लागतो. त्यामुळे गोळी अडकलेली बंदूक गावातील लोहाराकडे किंवा लेथवर नेणे धोकादायक तर आहेच, शिवाय ते बेकायदेशीरही ठरते.