अग्निशमन कार्यातील श्वसनहवेचे व्यवस्थापन : एक विवेचन

प्रस्तावना :
दि. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्यास लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनांमध्ये ज्वाळांपेक्षा धूरच पुष्कळदा अधिक घातक ठरतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असून तोंडावरील ओला रुमाल त्यास अडवू शकत नाही. म्हणून अग्निशामक जवान ‘बी.ए. सेट’ वापरतात. त्याच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नव्हे, तर उच्च दाबाखाली भरलेली साधी हवा असते.

हवेचे गणित :
६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबास स्थूलमानाने २,०४० लिटर हवा मावते. दाब सुमारे ५५ बारपर्यंत उतरताच इशाऱ्याची शिटी वाजते. तोपर्यंत वापरता येणारी हवा १,६६६ लिटर होय. मिनिटास ४० लिटर वापर धरल्यास ती सुमारे ४१ मिनिटे पुरते. परंतु जिना चढताना वा जखमीस उचलताना वापर ८० लिटरवर गेल्यास केवळ २० मिनिटे. म्हणजेच सिलिंडर किती मिनिटे पुरेल हे सिलिंडरवर नव्हे, तर श्रम, भीती व शारीरिक क्षमता यांवर अवलंबून असते.

परतीचा नियम :
शिटी हा बाहेर निघण्याचा संकेत आहे, असा समज धोकादायक होय. शिटी वाजेल तेव्हा जवान सुरक्षित जागी पोहोचलेला असावा. उरलेली हवा केवळ संकटासाठी असते. जर्मनीतील अग्निशमन नियमावलीनुसार जाताना लागलेल्या हवेच्या दुप्पट हवा परतीसाठी राखावी लागते. उदाहरणार्थ, आत पोहोचेपर्यंत दाब ३०० वरून २६० बारवर आला, तर परतीसाठी ८० बार व राखीव ५५ बार धरून १३५ बारला मागे फिरावे. जवान जोडीनेच आत जातात. ज्याची हवा कमी, त्याच्या मापकानुसार दोघेही परततात. बाहेरील नियंत्रक प्रत्येकाचा दाब व प्रवेशाची वेळ नोंदवितो.

निष्कर्ष :
मुंबई गोदी स्फोटात १९४४ साली ६६ अग्निशामक कर्मचारी हुतात्मा झाले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. जेऊरसारख्या ग्रामीण परिसरातील महाविद्यालयांनी त्या निमित्ताने हे गणित विद्यार्थ्यांसमोर मांडावे. प्रशिक्षित जवानालाही जिथे हवा मोजून वावरावे लागते, तिथे धुराने भरलेल्या प्रयोगशाळेत शिक्षकाने साहित्य वाचविण्यासाठी शिरणे हे धाडस नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.