बँकिंगची पदवी : नोकरीसाठी की धंद्यासाठी?

बारावीचा निकाल लागला की पालघर-बोईसरकडील व्यापारी व कारागीर बांधवांपुढे प्रश्न येतो, मुलांना पुढे काय शिकवावे? बँकिंग व वित्त या विषयाचे नाव निघताच कोणी म्हणतो, 'बँकेत नोकरी कुठे मिळते?' कोणी म्हणतो, 'व्याजाचा व्यवहार आपल्याला नको.' आमच्या मते या शिक्षणाची खरी गरज आपल्याच दुकानात आणि कारखान्यात आहे.

मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.मध्ये 'बँकिंग अँड इन्शुरन्स' व 'अकाउंटिंग अँड फायनान्स' असे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. त्यांत जमाखर्च, उत्पादनखर्च, कर, विमा आणि व्यापारी कायदे शिकवतात. पदवी तीन वर्षांत मिळते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष करून ऑनर्सही घेता येते. हे अभ्यासक्रम बहुधा विनाअनुदानित असल्याने फी जास्त पडते. ऐपत नसेल तर पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयासारख्या ठिकाणी साधे बी.कॉम. करावे. हिशेबाचा पाया त्यातही पक्का होतो.

आता उपयोग पाहू. समजा, तारापूर एमआयडीसीतील एखाद्या कारखान्याला आपल्या वर्कशॉपने 2 लाखांचे सुटे भाग दिले आणि पैसे चार महिने अडकले. आपण फेऱ्या मारतो, नाहीतर हातउसने घेऊन कारागिरांचा पगार भागवतो. परंतु 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर 15 दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी आधीच करून ठेवावी. ती मोफत होते. पैसे थकले तर सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. उशिराबद्दल कायद्याने व्याज मिळते. ते ज्यांना नको, त्यांनाही मुद्दल वसूल करण्यासाठी हाच मार्ग आहे.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना 2021 पासून 'उद्यम' नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरताच आहे. थकबाकीचे हे संरक्षण त्यांना नाही. चिंचणीकडील डाय बनविणारा कारागीर उत्पादक ठरतो, कापडाचा दुकानदार ठरत नाही.

असे बारकावे जाणणारे माणूस घरात असले तर बाहेरच्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. बँक आपला धंदा कागदावरून जोखते. बिले, विवरणपत्रे आणि खात्यातील उलाढाल नसेल तर वीस वर्षांचा चोख व्यवहारही तिला दिसत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की, मुलगा असो वा मुलगी, प्रवेश घेतल्याच्या पहिल्याच महिन्यापासून घरच्या धंद्याची वही त्यांच्या हाती द्या. वर्गात शिकलेले संध्याकाळी दुकानात उतरले, तर फीचे पैसे पदवीच्या आधीच वसूल होऊ लागतील.